चोपलेली माती

माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक कामांची मला आता आठवणही येत नाही. भिंती उभ्या राहिल्या, रंग लागला, माणसं राहायला आली, संपलं. एका खड्ड्याचं मात्र तसं नाही.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. अंबरनाथच्या एका कारखान्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी बदलापूरला, कात्रपच्या पुढे खरवईच्या अंगाला, उतारावर तीन इमारती बांधायला घेतल्या होत्या. मी डिप्लोमा करून नुकतीच सुपरवायझर म्हणून लागलेली. साइटवर घमेली उचलणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, हुकूम सोडणारी मी एकटीच. त्यामुळे आवाज कायम चढा ठेवायची आणि आपला वचक आहे अशा भ्रमात असायची.

इमारती झाल्या आणि उतारावरचं पावसाचं सगळं पाणी खालच्या चाळीत शिरायला लागलं. आदल्या वर्षी शेवटच्या खोलीत ते खाटेला लागलं होतं. तिथे त्याच कारखान्यातून रिटायर झालेले एक काका राहत, आणि काकू अर्धांगवायूने त्या खाटेवरच असत. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात एक उपाय पाहिला. गटार काढून पाणी आणखी कुणाच्या दारात सोडण्यापेक्षा ते वाटेतच अडवायचं. लांबट खड्डा घ्यायचा, तळाला खडी, वर वाळू, त्यावर वाळू आणि शेणखत मिसळलेली माती, आणि तिच्यात कर्दळ नि वाळा लावायचा. पाणी तिथे थांबेल आणि मुरेल. अट एकच, वरची माती भुसभुशीत राहिली पाहिजे. काम माझ्याकडे आलं.

मे महिन्यात काका खड्डा बघायला आले. पावसाळ्यापुरतं आईला आमच्याकडे ठेवा, असं त्यांची कर्जतची मुलगी म्हणत होती. काकूंना लेकीच्या सासरी जाऊन पडायचं नव्हतं. काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगाल तसं करतो. नेऊ का ठेवू?"

मी छातीठोकपणे सांगितलं, ठेवा. यंदा तुमच्या उंबऱ्याला पाणी लागणार नाही. असं कुणाला सांगायची माझी लायकी होती का, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

आता मुकादमाचं सांगायला हवं. मराठवाड्यातला माणूस, वयाने माझ्या दुप्पट, कामाला चोख. तिन्ही इमारतींच्या पायांत भराव टाकताना मी त्याला भंडावून सोडलं होतं. प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, चोपायचा, मग मी पहार मारून बघायची. पहार घुसली की सगळा भराव पुन्हा. चारचौघांत त्याची खरडपट्टीही काढली होती. त्यामुळे खड्ड्यातली माती सैल ठेवा असं मी सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली खरी, पण ते त्याला पटणं शक्य नव्हतं. सैल भराव म्हणजे नंतर आपल्याच गळ्याला फास, हे मीच त्याला शिकवलं होतं.

नेमकी माती भरायच्या वेळी मी दोन दिवस नाशिकला गेले. आईने बघण्याचा कार्यक्रम ठरवला होता. साहेबांना मी तापाचं कारण दिलं. परत आले तेव्हा मुकादम कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता. "बाई, तुमी नव्हता म्हून काम ढिलं सोडलं नाय. थराथराला चोपून घेतलंय. मारा पहार."

पहार मारायची गरजच नव्हती. पायाखाली माती चोपलेल्या अंगणासारखी टणक लागत होती. मी एक बादली पाणी ओतलं. ते तिथेच राहिलं. जेवण करून आले तरी तिथेच होतं.

सगळी माती उकरून पुन्हा भरायला आठवडा गेला असता. साहेबांनी खोदून विचारलं असतं आणि तापाची थाप उघडी पडली असती. मी स्वतःची समजूत घातली की वाळ्याची मुळं खोल जातात, ती माती फोडतील. मुकादमाला बरं म्हटलं आणि रोपं लावून घेतली. काका रोज चाळीच्या टोकाला उभे राहून ती बघायचे. मी त्यांच्याशी बोलायचं टाळायला लागले.

जूनच्या सरी हलक्या होत्या, निभावलं. जुलैत एका दुपारी मात्र जो कोसळायला लागला तो थांबेना. खड्डा परातीसारखा काठोकाठ भरला. मी आणि मुकादम कमरेएवढ्या पाण्यात पहारी घेऊन माती फोडत होतो. खालची माती निघायची आणि चिखल होऊन तिथेच बसायची. मी रडत होते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. "बाई, सैल म्हंजे खरंच सैल ठिवायचं व्हतं?"

पाणी काठावरून सुटलं आणि थेट चाळीत गेलं. आम्ही पोचलो तेव्हा काका काकूंचं डोकं मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते, आणि खाट बुडाली होती. चार माणसांनी खाटेसकट काकूंना वर एका रिकाम्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांचे केस, लुगडं, सगळं भिजलेलं होतं. चालणाऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढल्यावर काका त्यांना टेम्पोतून कर्जतला घेऊन गेले.

मग आम्ही सगळी माती काढली. मुकादमाने कडेने फळ्या टाकल्या, कुणाला आत पाऊल ठेवू दिलं नाही, माती हातांनी पसरली. ऑगस्टमध्ये तसाच मोठा पाऊस आला. खड्डा भरला आणि संध्याकाळपर्यंत रिकामा झाला. मी धावत चाळीत गेले. शेवटच्या खोलीला कुलूप होतं.

दसऱ्याच्या सुमारास काका परत आले, एकटेच. काकू कर्जतला त्याच तापात गेल्या होत्या. मी त्यांच्या दारात उभी राहून सगळं सांगून टाकलं. नाशिकला गेले होते ते, बादलीचं, गप्प राहिले ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आता मुरतंय का. मी म्हटलं, मुरतंय.

"तेव्हाच सांगायचं होतं, ताई," ते म्हणाले. "कोरडी असताना नेली असती मी तिला."