चौघांचा पक्ष आणि दादाचा कोयता

माझ्या मामाचा पक्ष मूळ पक्षातून फुटला, मग फुटलेल्यातून पुन्हा फुटला. शेवटी बीडला एस.टी. स्टँडमागच्या एका खोलीत नऊ जण उरले. मी कॉलेजसाठी मामाकडे राहायचे, त्यामुळे क्रांतीचा चहा उकळायचं काम माझ्याकडे होतं.

दुष्काळाचं साल होतं. उमापूरचे आमचे दादा-वहिनी दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जात. नवराबायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबी एक कोयता. शेतात कुसळही उगवलं नव्हतं, तोडीवाचून चूल पेटायची नव्हती. तरी मामा गावात येऊन दादाला सांगून गेले, "कॉम्रेड, यंदा दरवाढीशिवाय कोयता उचलायचा नाही. संपाची हाक पक्ष देईल." सख्ख्या भाच्यालाही ते कॉम्रेडच म्हणत. दादा भोळा. त्याने मुकादमाला नाही म्हणून सांगून टाकलं.

इकडे हाक राहिली बाजूला, वादच पेटला. दोन एकर कोरडवाहू असलेला तोडकरी मजूर की शेतकरी? कारखाना सहकारी, म्हणजे मालक शेतकरीच, मग संप कोणत्या वर्गाविरुद्ध? ज्यांच्या अंगाला जन्मात उसाचं पाचट लागलं नाही, ते टेबलावर मुठी आपटत आणि माझे कप फोडत. मला असला संताप यायचा! एकदा न राहवून म्हणाले, "मामा, दसरा तोंडावर आलाय."

"क्रांतीला पंचांग नसतं," मामा म्हणाले.

मुकादमाला होतं. दसरा झाला, ट्रक आले, टोळ्या गेल्या. त्यानंतर संपाचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत झालं, कारण विरोधातले पाच जण वेगळा पक्ष काढून निघून गेले होते.

उरलेले चौघे झेंडा घेऊन उमापूरच्या पारावर आले. मीही सोबत होते. समोर म्हातारीकोतारी, चार शेरडं आणि दादा-वहिनी. मामांनी तरीही भाषण पुरं केलं. "कामगारांनो, कुणीही तोडीला जाऊ नका!" वहिनीने पदराने डोळे टिपले.

दादा उठला. "मामा, आता किती जण ऱ्हायले तुमी?"

"चौघे. पण निष्ठावंत."

"म्हंजी दोन कोयते. आमचा धरून तीन. चला, मुकादमाच्या पाया पडून बघतो, अजून घेतोय का."

मामा चष्मा पुसत म्हणाले, यावर समितीत चर्चा करावी लागेल.

चर्चा झाली आणि पक्ष पुन्हा फुटला. तेव्हा दादा-वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडत होते.