पेवाची राखण

मुरुम गावातलं आमचं घर गहाण होतं, पण सावकार व्याज घेत नसत. म्हणजे रोख घेत नसत. त्याऐवजी आमच्या अंगणातलं पेव त्यांनी वापरायचं असं ठरलं होतं. जमिनीत खोल खणलेलं, पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद असं ते धान्याचं कोठार. आत सावकारांची ज्वारी, तोंडावर दगड आणि त्यावर शेणमातीचा लेप. करार पाच वर्षांचा होता, तीनच सरली होती.

तेवढ्यात यांना सोलापूरच्या गिरणीत काम लागलं. घर विकायचं ठरलं आणि गावातलाच एक कापडदुकानदार ते घ्यायला तयार झाला. मुद्दल फेडायची बोलणी करायला आम्ही गेलो, तर सावकारांनी गोड हसून हिशेब मांडला. मुदतीआधी सोडवताय, तर उरलेल्या दोन वर्षांचं पेवाचं भाडं द्या. वर ऐन श्रावणात पेव उघडायला लावताय, तर नासलेल्या ज्वारीची भरपाईही द्या. यात खोटं काही नव्हतं. पेवाचं तोंड एकदा उघडलं की ते पुरतं रिकामं करावं लागतं, आणि ओल्या हवेत तो दाणा टिकत नाही.

एवढं दिलं तर सोलापुरात खोली घ्यायला काही उरणार नव्हतं. आमच्याकडचे निजामाचे हाली रुपये देऊन तिकडचे इंग्रजांचे कलदार घेताना बट्टा बसे, तो वेगळाच. हे एकटेच जातील आणि मी लेकराला घेऊन माहेरी बसेन, हे मला समोर दिसायला लागलं.

बोलल्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. परक्या पुरुषापुढं त्यांना तोंड उघडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आप्पा, तुमाला भाडं पायजे का ज्वारी?"

सावकार म्हणाले, ज्वारीच पायजे.

"मग पेव थंडीत उघडा. भाडं सोडा. तवर म्या इथंच ऱ्हाते. दाणा नासला तर आमच्याकडनं भरून घ्या."

मी थक्क होऊन बघत राहिले. सावकारांचा नव्या मालकावर भरवसा नव्हता, आणि नवा मालक दुसऱ्याच्या मालाची जोखीम घेणार नव्हता. ती गाठ या बाईनं स्वतःला मधे ठेवून सोडवली होती. सावकारांनी मुद्दल घेऊन घर मोकळं लिहून दिलं. पेवाचं मात्र नुसत्या शब्दावर राहिलं.

आम्ही सोलापूरला गेलो, खोली घेतली. आत्याबाई विकलेल्या घराच्या गोठ्यात राहिल्या, स्वतःची भाकरी स्वतः थापून. गावच्या शेजारणी बाजाराला आल्या की सांगायच्या, पाऊस लागला की बाई खुरपं घेऊन अंगणात, पाण्याला वाट काढून द्यायला. लेपाला चीर दिसली की हात शेणमातीत. इकडं आभाळ भरून आलं की मी दारात येऊन मुरुमच्या दिशेला बघत राहायचे. ज्वारी गेली असती तर ही खोलीही गेली असती.

थंडीत पेव उघडलं तेव्हा आम्ही हजर होतो. आतली कोंदलेली हवा जाऊ दिली, मग दोरीनं कंदील सोडला. तो विझला नाही, म्हणजे आतली हवा चांगली होती. त्या उजेडात पिवळसर दाणा चमकत होता, जणू कालच खळ्यावरून आणला होता. जमिनीनं एवढं जपून ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माणसानंही. माझे हात आपोआप जोडले गेले.

पेव तळापर्यंत उपसलं, कुठंही दाणा नासला नव्हता. सावकार वाकले आणि ढिगातली पहिली ओंजळ त्यांनी आत्याबाईंच्या पदरात घातली. म्हणाले, "अक्का, आता तुमचं माझं काई देणं न्हाय."

त्याच दिवशी आम्ही आत्याबाईंना घेऊन निघालो. घराकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही, आणि मला वाटलं, सुटल्या एकदाच्या.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या सोलापूरच्या खोलीवर सरी कोसळायला लागल्या. आत्याबाई हातातलं निवडणं टाकून उठल्या आणि वाकून फरशी चाचपायला लागल्या. ओल कुठं येतीय का, ते बघत होत्या.