आत्यांचा फोन आला की

निमोण्याच्या वच्छलाबाईंनी फोनवर बोलायला लागण्याआधी फोन नुसता वाजवायला शिकून घेतलं होतं. गावात टू-जीचा टॉवर उभा राहिला तेव्हा सोपानरावांनी बटणांचे दोन फोन आणले, एक घरात, एक मळ्यात. बोललं की पैसे जायचे, म्हणून नवराबायकोनं खुणा ठरवल्या. एक रिंग म्हणजे भाकरी घेऊन ये. दोन म्हणजे लाईट आली, मोटार चालू केली, यायला उशीर. आणि वाजतच राहिला तर हातातलं टाकून पळत ये.

मळा ओढ्यापलीकडं. तिथं रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. एका दुपारी घरातला फोन एकदाच वाजला आणि थांबला. वच्छलाबाईंनी पीठ मळलं, भाकरी थापल्या, ठेचा रगडला, पाटी डोक्यावर घेऊन सावकाश निघाल्या. सोपानराव बांधावर आडवे पडले होते, फोन मुठीत. छातीत कळ आल्यावर त्यांनी लावलेला फोन वाजत राहायला हवा होता. पहिल्याच रिंगेला रेंज गेली. भाकरी अजून ऊन होती. वच्छलाबाई हे सांगायच्या तेव्हा ‘ऊन’ या शब्दावर येऊन थांबायच्या.

तेराव्यानंतर त्या कवठ्याला गेल्या आणि येमाईच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून नेम बोलल्या: आता ज्याला फोन लावायचा, तो उचलेस्तोवर सोडायचा नाही. देवीनं तो नेम ऐकला असेल तर ऐकला. भोगला मात्र सुनेनं.

करिश्मा बी.एस्सी. होऊन या घरात आली. तिचा नवरा भारत, वच्छलाबाईंचा एकुलता एक. त्याच्या कॉलेजातला थ्री-जीचा बटणांचा फोन तोवर आईच्या कमरेला गेला होता आणि बायकोला त्यानं हौसेनं फोर-जीचा पडद्याचा फोन घेऊन दिला. त्या फोनची एक खोड होती. कुणाचा कॉल आला की चालू असलेलं नेट बंद पडायचं. करिश्मानं शिरूरला जालिंदरच्या मोबाईलच्या दुकानात दाखवलं.

“ताई, बिघाड न्हाई ह्यो,” जालिंदर म्हणाला. “फोर-जी आलं ते निस्तं नेटसाठी. बोलायचं अजून जुन्याच रस्त्यानं. कॉल आला की फोन नव्या रस्त्यावरनं खाली उतरतो, जुन्या रस्त्याला जातो, बोलून झालं की परत वर. तवर नेटची वाट बघा. बोलणंबी नव्या रस्त्यानंच न्हेणारा फोन घ्याल तवा हे थांबंल.”

करिश्मानं घरी येऊन हे सासूला सांगितलं, तीच तिची चूक. तक्रार म्हणूनसुद्धा नाही, अगदी सहज, दळण निवडता निवडता.

“आत्या, तुमचा फोन आला ना, की माझं नेट तुटतं.”

“व्हय का? माज्या फोननं?” वच्छलाबाईंनी सुपातला खडा उचलून लांब फेकला. “बाई बाई.”

कोरोनाचं वर्ष होतं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीनं तपासणीच्या लॅबसाठी मुली घ्यायच्या ठरवल्या, मुलाखत फोनवर, व्हिडिओनं. करिश्मानं लग्नातली साडी नेसली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं आणि देवाला दिवा लावून बसली. समोरच्या साहेबांनी नाव विचारलं, तोच चित्र गोठलं. फोन वाजला: आत्या. तिनं कापला. साहेब परत आले, “हां, तर मॅडम,” म्हणाले आणि पुन्हा गोठले. आत्या. पुन्हा आत्या. शेवटी पडदा काळा झाला. ती धावत बाहेर आली, तर वच्छलाबाई कांद्याच्या चाळीला टेकून उभ्या, फोन कानाला. मधे अंगण तेवढं.

“काय झालं आत्या? कशाला लावत होता?”

“कांद्याला पाणी सोडू का इचारायचं हुतं.”

“हाक मारायची की मग!”

“घसा बसलाय माजा,” वच्छलाबाई म्हणाल्या, तेही खणखणीत आवाजात.

पुढं भारतलाच कुरकुंभला नोकरी लागली आणि दोघं केडगावला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिले. करिश्माला वाटलं, सुटले. पण फोन कुठं सुटला होता? भारत जेवायला बसला की तो वाजायचा. “भारता, तुजी बायकू काल बाजारात कुणासंगं बोलत हुती रं? गिताबाईच्या पोरीनं बघितलं म्हणं.” भारत घास हातात धरून बायकोकडं बघायचा. एक फोन झाला की दोघांत दोन दिवस अबोला. असे संसाराचे दिवस किती गेले, ते मोजायला करिश्माला धीर नव्हता.

यंदाच्या गणपतीत तिनं नवा फोन घेतला. केडगावात फाइव्ह-जी आलं होतं. जालिंदर म्हणाला, “वरचा मजला नवा हाय ताई, पण चढायचा जिना फोर-जीचाच. तरी बी आता काळजी न्हाई. कॉल आला तरी नेट हालत न्हाई.” त्यानंच सुचवलं, की घरातले सगळे नंबर एकाच कंपनीत न्या, स्वस्त पडतं. “निस्तं एक ध्यानात ठेवा. ह्या कंपनीकडं जुना रस्ताच न्हाई. सगळं फोर-जीच्या वर. आजींच्या बटणाच्या फोनला त्येंचं कार्ड चालायचं न्हाई. त्यास्नी ह्यो फोर-जीचा बटणवाला न्ह्या.”

करिश्मानं तो घेतला. सासूचा नंबर भारतच्या नावावर होता, त्यानं होकार दिला. नवं कार्ड निमोण्याला नेऊन तिनं आपल्या हातानं घातलं, जुन्याच फोनमध्ये. आणि फोर-जीचा फोन केडगावच्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला.

येताना तिला बांधावरची ती मूठ आठवली. एसटी न्हावऱ्याच्या पुढं गेली तरी आठवत होती. पण ती उतरली नाही.

त्या रात्री भारत निवांत जेवला. दुसऱ्या दिवशीही. आईला लावला की बाई सांगायची, ‘आपण डायल केलेला क्रमांक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.’

“नवा फोन दिलास ना आईला?”

“दिला की. रागावल्यात त्या, कंपनी बदलली म्हणून. बंदच ठेवतात. मी शेजारच्या धुरपदाकाकूंना विचारलं, बऱ्या आहेत.”

कारखान्यात देखभालीसाठी प्लँट बंद होता, भारतला डबल शिफ्ट. निमोण्याला जायला सवड नव्हती. त्या शांत दिवसांत करिश्मानं पुन्हा त्याच लॅबची मुलाखत दिली. मधेच तिच्या आईचा कॉल आला, वाजून थांबला, आणि समोरच्या मॅडमचं चित्र एकदाही गोठलं नाही. दसरा झाला की रुजू व्हा, असं सांगणं आलं. ती देवापुढं बसून रडली. मग डोळे पुसून तिनं कपाटातली साड्यांची घडी, फोन दिसणार नाही अशी, पुन्हा नीट केली.

नवमीला निमोण्याला कुळाचार. पुरणाचा नैवेद्य आणि गावातल्या सवाष्णी जेवायला. घरातली सवाष्ण करिश्मा एकटीच, तिला जाणं भाग होतं. दसऱ्याला भारत सोनं द्यायला येणार, म्हणजे त्याआधी फोन सासूच्या हातात पडायला हवा. ओटीच्या पिशवीत तळाशी फोन ठेवून ती चौफुल्यावरून एसटीत बसली. महिनाभरात आत्या खंगल्या असतील, फोन पाहून गप्प घेतील, असं तिनं धरलं होतं.

वच्छलाबाई मुळीच खंगल्या नव्हत्या. उलट करिश्मानं आल्या आल्या लॅबच्या नोकरीचं सांगितलं ते त्यांनी हसून ऐकून घेतलं होतं, आणि आता काठापदराचं लुगडं नेसून पंगतीत मिरवत होत्या. “वाढ गं, गिताबाईला तूप वाढ. हात आखडू नगंस, नोकरीवाल्याची बायकू तू.” बायका हसल्या. करिश्मानं तूप वाढलं.

पंगत निम्म्यावर आली आणि वच्छलाबाईंनी कमरेचा जुना फोन काढून कानाला लावला.

“हां, बोल भारता. व्हय, आलीया. वाढतीया बाया-माणसांस्नी. बरी हाय माजी तब्येत, रोज इचारतोस, किती काळजी करशील?” मग ऐकल्यासारखं थांबल्या. “काय म्हंतोस? तिला हितंच ठिवू? कांद्याची लागण हुईस्तोवर? आन् नोकरीचं रं? बरं, बरं. तुजं म्हणणं असंल तर मी कोण न्हाई म्हणणार.”

करिश्माच्या हातातली तुपाची वाटी तिरकी झाली. पंगतीतल्या धुरपदाकाकू कौतुकानं म्हणाल्या, “पोरगं बघा कसं आईला इचारतंय. असा ल्योक पायजे.”

“ऐकलंस का गं?” वच्छलाबाईंनी फोन छातीशी धरला. “नोकरीला जायचं न्हाई म्हंतोय. लागण उरकल्यावर बघू.”

“आत्या, तो फोन बंद आहे.” तोंडातून निघून गेलं.

बायकांचे घास थांबले. वच्छलाबाईंनी फोन पुढं धरला. पडद्याला उजेड होता. “लाईट तर लागतोय. बंद हाय, हे तुला गं कसं ठावं?”

उत्तर करिश्माच्याच पिशवीत होतं.

वच्छलाबाई वाकून तिच्या कानाशी आल्या आणि पुटपुटल्या, “जालिंदर म्हणला, आजी, तुमचा फोन तर तुमच्या सुनंनं कवाच न्हेला माज्याकडनं. मी म्हणलं, आणील. नवमीला आणील. दे आता.”

तिनं पिशवीतून फोन काढून दिला. वच्छलाबाईंनी जुन्यातलं कार्ड नव्यात घातलं. त्यांचा हात जालिंदरनं तयार केलेला दिसत होता. भारतचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“आई!” भारतचा आवाज पंगतीभर पसरला. “आई, अगं किती दिवस! रागावलीस का तू माझ्यावर? करिश्मा म्हणाली...”

करिश्मानं डोळे मिटले. देव्हाऱ्यातला नंदादीप तेवत होता, त्याच्याकडं बघायची तिला हिंमत नव्हती.

“न्हाई रे बाळा,” वच्छलाबाई म्हणाल्या, सुनेवरची नजर न काढता. “करिश्मानं समदं नीट सांगितलंय. मलाच फोन चालवायला येत न्हवता. आज तिनं शिकवला. गुणाची हाय. आन् ऐक, ती म्हंतीया लागण हुईस्तोवर हितंच राहती. नोकरी नगं म्हंती. तिचीच हौस हाय, मी काय बोलले न्हाई. व्हय का गं?”

फोन तिच्या तोंडापुढं आला. पलीकडं भारत वाट बघत होता, अलीकडं पंगत.

“हो,” करिश्मा म्हणाली.

दसऱ्याला भारत आला, आईच्या हातात आपट्याची पानं दिली, दोघींचं जमलं म्हणून देवीला नारळ फोडला आणि संध्याकाळीच कामावर गेला. पुढच्या सोमवारी ओढ्यापलीकडच्या रानात लागण सुरू झाली. करिश्मा वाफ्यात वाकून रोपं लावत होती, हात कोपरापर्यंत चिखलात. बांधावर, जिथं सोपानराव पडले होते तिथंच, वच्छलाबाई बसल्या होत्या, सुनेचा फोन मांडीवर घेऊन. तो वाजला.

“कंपनीचं नाव दिसतंय. लॅबवाली असंल. उचलू का?”

करिश्मानं हातातलं रोप चिखलात दाबलं. ओढ्यापलीकडं आता रेंज भरपूर होती. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

“आता फोन आला तरी नेट तुटत न्हाई म्हणं?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“नाही तुटत.”

“बरं झालं बाई,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि रोपांची पुढची जुडी तिच्याकडं फेकली.