खानदानी घर

उद्या लेकीला बघायला पाहुणे येणार, म्हणून आज सकाळीच ताटं घासून ठेवली. एका ताटाच्या मध्यावर कोरलेलं माझं नाव दिसलं आणि मला ती जुनी, उसनी ताटं आठवली.

आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बघायला वेळणेश्वरहून पाहुणे आले, तेव्हा आमच्याकडे धड सारखी ताटं नव्हती. अम्मीने शेजारच्या सुमतीकाकूंची आणली. प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, हे वाढून झाल्यावर आमच्या लक्षात आलं.

मुलाचे चाचा म्हणाले, “आम्हाला घर खानदानी हवं.”

अब्बा उर्दू शाळेत शिक्षक. घाबरले की शब्दांचा अर्थ सांगत बसायचे. “खानदान शब्द फारसी आहे. मूळ अर्थ नुसता कुटुंब, घराणं. बडेपणा त्याला मागाहून चिकटला.”

“मास्तर, मुलगी बघायला आलोय, शिकवणी लावायला नाही!” चाचा हसले.

माझी नजर मुलाच्या आईच्या ताटावर खिळली होती. नारळाच्या रसातली सांदणं संपत आली, तसं नाव उघडं पडत गेलं. तिने बोटाने रस बाजूला केला, नाव वाचलं आणि काहीच बोलली नाही. अम्मी घाईने आणखी एक सांदण वाढायला धावली. मुलाच्या आईचं ते गप्प राहणं मला तेव्हा घमेंडीचं वाटलं. ती फक्त चाचा बाहेर जायची वाट बघत होती, हे आज कळतं.

दारात चपला घालताना ती अम्मीच्या कानाशी म्हणाली, “ताटं परत द्याल ना, तेव्हा सुमतीबाईंना लग्नाचं आवतणही देऊन या.”