दोन्ही बाजूंनी पाच

शिवदास म्हात्रे सरांनी भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. वडील मिठागरात राबलेले. घरात मॅट्रिक झालेले सरच पहिले. निवृत्तीनंतर तिथल्याच इंद्रलोक वसाहतीतल्या घरी शिकवण्या घ्यायचे. गेल्या मार्गशीर्षात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून "ते... ते..." एवढंच निघायचं.

चांदणी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. बीजगणितात दोनदा नापास झालेली. तिला सरांनी घरी बसवून पास केलं होतं. आता ती शांती नगरच्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट होती. सरांचं कळल्यावर ती आठवड्यातून तीनदा यायला लागली. येताना चित्रांची कार्डं आणायची. कप, छत्री, मांजर.

सर कार्डांकडे बघायचेच नाहीत. एकदा त्यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं खाली ढकलून दिली.

त्यांची बायको पार्वती ओशाळली. "राग मानू नको गं पोरी. त्यांना वाटतं, लहान पोर समजून दाखवतात."

"मला नाही राग आला काकू," चांदणी कार्डं गोळा करत म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते. ते दिसू नये म्हणून तिने वही उघडली आणि सरांचंच एक जुनं समीकरण लिहिलं : ३x + ५ = २०.

सर पुढे वाकले.

"बघा हं सर, मी सोडवते." पाच पलीकडे न्यायचे, एवढंच तिला आठवलं. तिने लिहिलं, ३x = २५.

"न्हाय!"

खोलीत तिघंच होते, तरी पार्वतीने दाराकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. सरांनी चांदणीच्या हातातून पेन्सिल घेतली. डाव्या हाताने, वाकडंतिकडं, त्यांनी समीकरणाच्या डावीकडे खाली 'उणे ५' लिहिलं, मग उजवीकडेही. पुन्हा दोन्हींवर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"दोन्ही बाजूंनी पाच काढायचे," चांदणी हळूच म्हणाली. "म्हणजे राहिले तीन एक्स बरोबर पंधरा. आता दोन्ही बाजूंना तीनने भागायचं. मग एक्स किती, सर?"

सरांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला.

"पा... पाच."

पार्वती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "मुद्दाम चुकलीस ना तू?"

"नाही हो काकू. खरंच चुकले."

कार्डं त्या दिवसापासून बंद झाली. चांदणी दर खेपेला एक समीकरण आणायची आणि सर प्रत्येक पायरी बोलून दाखवायला धडपडायचे. आकडे आधी आले, मग 'अधिक', 'बरोबर', मग 'पाणी', 'बस', 'नको'. हात काही उचलला गेला नाही. शब्द चाळीसेक झाले असतील. चांदणीने घरी एकच ताकीद दिली होती, की सर अडखळले तर त्यांचा शब्द कुणी पुरा करायचा नाही.

उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची पूर्वी नावाची मुलगी वही घेऊन आली. आठवीत जाणार होती. तिने सोडवलं होतं : x + ७ = ४, म्हणून x = ३.

सरांनी नकारार्थी मान हलवली. तीनावर बोट ठेवलं.

"उ... उ..."

पार्वतीच्या अगदी ओठांवर आलं होतं काहीतरी; तिने ते गिळलं. पूर्वीला कुणी ती ताकीद दिली नव्हती. ती मांडी घालून बसली, हनुवटी तळहातावर टेकवली आणि सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं असेल, जास्तही.

"उणे," सर म्हणाले.

"अरे हां!" म्हणत पूर्वीने तीनाच्या आधी छोटीशी रेघ ओढली आणि पान उलटलं.