निजून पाह्यलं का?

मी शिडाची बोट फोटो पाहून विकत घेतली. फोटोत तिचा मालक आतल्या फळीवर पाय ताणून निजला होता. तो माझ्या खांद्याएवढा आहे, हे फोटोत कळत नाही.

आम्ही नागपूरचे रविवारचे खलाशी. रामटेकजवळच्या तलावात दोन माणसं जेमतेम मावतील अशा होड्या चालवायच्या आणि मग तर्री-पोह्यांवर वाद घालायचा, की लांबच्या समुद्रप्रवासाला जुनी बोट कोणती चांगली. समुद्र इथून किती लांब, हे विचारू नका.

"जड बोट पाहिजे गा. लाटेले भीत नाही."

"जड म्हणजे म्हैस! हलकी घे, वारं आलं का पळते."

आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ मात्र पोहे संपवून एवढंच विचारत, "निजून पाह्यलं का तिच्यात?"

आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. नौदलात ते इंजिनखान्यात होते, कप्तान कधीच नव्हते. नोकरीभर ते समुद्रावर आणि त्यांची बायको, आमच्या काकू, नागपुरात नंदनवनच्या घरी. आता एकदा तरी काकूंना समुद्र आतून दाखवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. काकू म्हणत, "मले तिथं झोप नाही लागन." त्यामुळे बोटींचा वाद ही आमची करमणूक होती, त्यांच्यासाठी मात्र तो संसाराचा प्रश्न होता.

"तुम्हा दोघांना मीच नेतो," म्हणून मी बोट घेतली आणि कप्तानांना घेऊन ती होती तिथे, रत्नागिरीला पोचलो. मी फळीवर निजून पाहिलं. पाय दारातून बाहेर. तिन्ही फळ्यांवर तेच.

कप्तान फळीवर आडवे झाले, डोळे मिटले, बोटीच्या भिंतीला कान लावला. मला वाटलं, झोपलेच.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हातारी चांगली आहे गा. कुरकुरते, पण खोटं नाही बोलत." मग एक डोळा उघडून, "तू काहून इतका लांब झाला?"

दिवाळीनंतर कप्तान आणि काकू बोटीने मालवणला निघाले. बोटीचा मालक, म्हणजे मी, त्यांच्या बॅगा घेऊन एसटीने. विजयदुर्गला धक्क्यावरून हात केला, तर कप्तानांनी तोंडावर बोट ठेवलं. आत काकू निजल्या होत्या. इतका खूश माणूस मी कधी पाहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात कप्तान गेले. रविवारचा वाद चालतो अजून, पण पोहे संपले की सगळे उगाच गप्प होतात.

परवा काकूंना भेटायला गेलो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "तशी झोप मले जन्मात नाही लागली, भाऊ. यायनं उठवलं तवा ऊन आत आलं होतं."

मी छाती फुगवून म्हणालो, "बोट कोणाची होती, काकू?"

"तुमचीच. पण तुम्ही आत असते तं नसती लागली. बहुत बोलता तुम्ही."