तपासणीच्या खोलीतलं स्टूल

पनवेलच्या आमच्या मानसोपचार केंद्रात दर महिन्याला बैठक होते आणि तिचं इतिवृत्त मी लिहितो. केंद्र कसं चालावं हे इथे उपचार घेतलेल्यांनाही विचारायचं ठरलं, तेव्हापासून ओवे गावच्या एक बाई बैठकीला येतात. चपला दाराबाहेर काढतात, त्याही तोंडं बाहेर करून. चहा दोनदा घेतात. प्रत्येक वाक्याला ‘हाय का नाय?’ जोडतात आणि उत्तराची वाट कधीच बघत नाहीत.

परवा डॉक्टरांनी त्यांना विचारलं, “तपासणीच्या खोलीत काही बदलायला हवं का?”

बाई उठल्या आणि आम्हा सगळ्यांना त्या खोलीत घेऊन गेल्या. “डॉक्टर, तुमी पेशंटच्या स्टुलावर बसा. मी बसते तुमच्या खुर्चीत.”

स्टुलावर बसलं की दार पाठीमागे येतं. बाहेर गर्दी होती. आधी सिस्टर फाइल न्यायला आल्या, मग कुणीतरी डोकावलं, मग नुसतंच दार करकरलं. डॉक्टरांनी तिन्ही वेळा वळून पाहिलं.

“तीनदा बगितलंत,” बाई म्हणाल्या. “मी अशीच बगायची, तवा तुमी माझ्या कागदावर लिवलंत, पेशंट संशयी हाय. हाय का नाय?”

या वेळी मात्र त्या उत्तरासाठी थांबल्या.

“हो, लिहिलं होतं,” डॉक्टर म्हणाले. उठून त्यांनी स्वतःच स्टूल, दार समोर येईल असं, भिंतीला टेकवून ठेवलं.

बाई माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुमी लिवा. डॉक्टरांनी तीनदा मागं बगितलं.”

इतिवृत्तात ते वाक्य तसंच आहे. खाली सही डॉक्टरांची.